सांता लेनाची अंत्ययात्रा

ज्या वर्षी हाल तूतने लीग जिंकली, त्या वर्षाबद्दल विस्तीन सुताराला विचारू नका. गावातला दुसरा कुणीही माणूस तुम्हाला त्या मोसमातला एकेक गोल वर्णन करून सांगेल. शेवटच्या सामन्यात बल्गेरियन खेळाडूने डोक्याने मारलेला गोल तर चहाचे ग्लास आणि मिठाची बाटली टेबलावर मांडून समजावेल. विस्तीन तेवढ्यात उठून बाहेर जातो. तो विसरला आहे असं नाही, त्याला सगळं आठवतं हीच त्याची अडचण आहे. हरलो असतो तर बरं झालं असतं, असं तो एकदा क्लबात बोलून गेला होता, आणि हाल तूतमध्ये असं बोलणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवणं. पण कुणी त्याला काही म्हटलं नाही. त्या मोसमानंतर त्याने पुन्हा पेटी बनवली नाही, हेही सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलं.

हाल तूत आणि सांता लेना ही म्हणायला दोन गावं. मध्ये फक्त एक रस्ता आहे, आणि तोही एवढा अरुंद की समोरासमोरच्या बायका आपापल्या उंबऱ्यावरून एकमेकींना मीठ देतात. पण संत वेगळे, बँड वेगळे, जत्रेतले फटाके वेगळे आणि फुटबॉलचे क्लब वेगळे. बेट आमचं एवढंसं. लीगमधले सगळे संघ त्याच एक-दोन मैदानांवर आळीपाळीने खेळतात, आणि मैदानावर जाणारी बसही एकच, त्यामुळे भांडणाला सुरुवात बसमध्येच होते.

या दोन गावांत जो लीग जिंकेल त्याने दुसऱ्याची अंत्ययात्रा काढायची, हा रिवाज. लाकडाची खरीखुरी शवपेटी बनते, तिला हरलेल्या क्लबच्या रंगाचं कापड लावतात. कुणीतरी पाद्री होतो, बँड रडकी धून वाजवतो, आणि सगळं गाव ती पेटी खांद्यावर घेऊन शत्रूच्या गल्ल्यांतून फिरतं. पेटी वाटेल तिथे थांबत नाही. ती ठरावीक दारांपुढे थांबते, जिथे त्या क्लबचे खरे भक्त राहतात. तिथे मयताच्या नावाने गळा काढायचा, घरधन्याने वरून शिव्या घालायच्या, आणि मग पुढे जायचं. ज्याच्या दारावरून पेटी न थांबता गेली, तो माणूस पुढे महिनाभर तोंड पाडून हिंडतो. सांता लेनाचा एक न्हावी तर एकदा पेटीमागे धावत आला होता, मी काय इथे भाडेकरू आहे का, असं विचारत.

हाल तूतची पेटी विस्तीन बनवायचा. तो सुतार, त्यामुळे ते ओघानेच आलं. पण त्याचं खरं काम पेटीमागून चालण्याचं. आईचा काळा झगा अंगावर, डोक्यावर काळी ओढणी, गालांना पीठ फासलेलं, असा तो मयताची विधवा व्हायचा. त्याच्यासारखं रडणारं बेटावर दुसरं कुणी नव्हतं. एरवी चार शब्द बोलताना अडखळणारा हा माणूस ओढणी घेतली की असा काही हंबरडा फोडायचा की लोक पोट धरून खाली बसत. आणि त्याचा सगळ्यात मोठा हंबरडा राखून ठेवलेला असायचा तो साल्वूच्या गॅलरीखाली.

साल्वू म्हणजे त्याचा मेहुणा. मेहुणा नंतर झाला, आधी दोस्त. दोघं पोरवयात गोदीत एकाच दिवशी कामाला लागले, एक सुतारखात्यात, दुसरा बॉयलरवर. विस्तीनची धाकटी बहीण जीझा साल्वूला दिली तेव्हा हाल तूतमध्ये काही लोकांनी विस्तीनशी बोलणं टाकलं होतं, बहीण देऊन देऊन सांता लेनाला दिली म्हणून. साल्वू सांता लेनाचा कट्टर. खेळाडूंचे कपडे सांभाळणं, बूट पुसणं, लिंबं कापणं, ही सगळी कामं त्याने वर्षानुवर्षं फुकट केली. पेटी आली की तो बंदिस्त लाकडी गॅलरीची खिडकी उघडून पाण्याची बादली घेऊन उभा राही.

"अरे माझ्या सांता लेना, कुणाच्या भरवशावर मला टाकून गेलीस," असा विस्तीन खाली लोळण घेई.

"भुश्या, ऊठ," साल्वू वरून ओरडे. "तुझ्या आईचा झगा मळतोय. ती वरून बघत असेल."

"साल्वूनेच मारलं हो तिला. बूट उलटे घातले खेळाडूंना."

मग बादली रिकामी व्हायची. पीठ ओघळून विस्तीनच्या गळ्यात जायचं, बँडवाले वाद्यं सावरत पळायचे, आणि दोन्ही गावं एकत्र हसायची. ज्या वर्षी सांता लेना जिंके त्या वर्षी हेच सगळं उलट. पेटी विस्तीनच्या दारात, साल्वू लसणाच्या माळा घेऊन हजर. विस्तीनला गावात सगळे विस्तीन म्हणत. लाकडाच्या भुशावरून भुश्या म्हणायचा हक्क फक्त साल्वूचा होता.

विस्तीनने लग्न केलं नाही. रविवारचं जेवण जीझाकडे. जेवून मेहुणे एकाच बसने मैदानावर जायचे, आत शिरताना एकमेकांना 'रडत ये' म्हणायचे आणि दोन टोकांना बसायचे.

तो मोसम सप्टेंबरात सुरू झाला तेव्हा हाल तूतचं काही खरं नव्हतं. नवा आणलेला बल्गेरियन जाडा होता आणि त्याला उन्हाचा त्रास व्हायचा. सांता लेना मात्र एकामागून एक सामने मारत सुटली. नाताळ आला तेव्हा ते पहिले, आम्ही सहावे. साल्वूला नुसता चेव आला होता.

"तुमचा तो बल्गेरियन," एका रविवारी तो भाजलेल्या मॅकरोनीची वडी कापता कापता म्हणाला, "बॉल जवळ आला की दचकतो रे. दोघांची ओळख कुणी करून दिली नाही का?"

"तुमचा गोलकीपर बघ आधी. चर्चच्या दारासारखा. सकाळ-संध्याकाळ उघडा."

"उघडा असून पहिले आहोत. जीझा, ह्याला अजून वाढ. सहाव्या नंबरच्या माणसाला भूक जास्त लागते."

"मला विचाराल तर दोन्ही बुडोत," जीझा म्हणाली. माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या, तिचं हे उत्तर लग्नापासून ठरलेलं होतं.

साल्वू हसला आणि त्याला ढास लागली. गोदीतली माणसं खोकतातच, तिकडे कुणी लक्ष देत नाही. पण ती ढास थांबेना. ताटावरून उठून तो भिंतीला हात टेकून उभा राहिला, आणि विस्तीनने पहिल्यांदाच पाहिलं की त्याचा शर्ट खांद्यावरून लोंबतोय.

जानेवारीत साल्वू इस्पितळात गेला आणि पंधरवड्याने घरी आला. जीझाने भावाला स्वयंपाकघरात गाठलं आणि नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"फुफ्फुसं गेलीत," ती म्हणाली. "उन्हाळा काढला तर खूप, असं म्हणतात."

"त्याला सांगितलंस?"

"नाही. त्याला सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मुलींनी. त्या नुसत्या रडतात, मग मी हो म्हटलं."

बाहेर साल्वू रेडिओ ऐकत कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत होता. साल्वू काही खुळा नव्हता. त्याला सगळं कळलं होतं, फक्त घरातल्यांना बरं वाटावं म्हणून तो न कळल्यासारखं वागत होता. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना जपत होत्या आणि घरात कुणीच मोकळा श्वास घेत नव्हतं.

मैदानावर जाणं आता साल्वूला शक्य नव्हतं. विस्तीन सामना बघून थेट त्याच्याकडे यायचा आणि सगळं सांगायचा. साल्वूने रेडिओवर ऐकलेलंच असायचं, तरी त्याला विस्तीनच्या तोंडून ऐकायचं असायचं, कारण विस्तीन हाल तूतचा. शत्रूच्या तोंडून आपली स्तुती काढून घेण्यात त्याला मजा यायची.

मार्चमधली एक संध्याकाळ विस्तीनला अजून छळते. साल्वू खुर्चीत बसला होता, पायांवर कांबळं, बाजूला प्राणवायूची नळकांडी. हाल तूत सलग पाचवा सामना जिंकून तिसरी झाली होती.

"भुश्या, एक सांगू?" साल्वू म्हणाला. "पाद्री येतो, तो हळू बोलतो. मुली हळू बोलतात. क्लबचा अध्यक्ष आला, तो तर उंबऱ्यावरच रडायला लागला. काल दूधवाला कुजबुजला. दूध कुजबुजत देतात का रे?"

"तू झोपला असशील असं वाटलं असेल त्याला."

"तू तरी माझ्याशी नीट भांड."

"भांडतोय की."

"नाही भांडत. परवा मी म्हटलं तुमची मधली फळी म्हणजे म्हाताऱ्यांची सहल आहे, तर तू हो म्हणालास."

विस्तीनने नेटाने प्रयत्न केला. त्या दिवशी घरी जाताना त्याने वाटेत टोमणे जुळवून ठेवले, पुढच्या रविवारसाठी, शाळेतल्या पोराने पाठांतर करावं तसे. पण खुर्चीतला तो माणूस समोर आला, त्याच्या मनगटाची हाडं दिसली, की तो टोमणा सोडून कांबळं सारखं करू लागे. चांगला माणूस होता विस्तीन. चांगुलपणाच नडला, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना पटत नाही.

एप्रिलमध्ये सांता लेनाचं गाडं घसरलं. दोन बरोबऱ्या, एक हार. इकडे बल्गेरियनला थंड महिन्यांत सूर सापडला होता आणि तो दर सामन्यात गोल मारत होता. हाल तूत एका गुणाच्या अंतरावर आली. गावात कागदी पताका तयार व्हायला लागल्या, आणि विस्तीनला रोज कुणीतरी विचारी, लाकूड आणलंस का. तो हो म्हणे. रात्री अंथरुणात पडल्यावर तो हाल तूत हरावी म्हणून संताला साकडं घाली, आणि संत हाल तूतचाच असल्यामुळे त्याला त्याचीही लाज वाटे.

सांता लेना हरली त्या संध्याकाळी तो साल्वूकडे गेला आणि बसता बसता म्हणाला, "रेफरीनं तुमचा गळा कापला. ती पेनल्टी नव्हतीच."

साल्वूने रेडिओ बंद केला.

"हाल तूतचा माणूस म्हणतो रेफरीनं सांता लेनावर अन्याय केला," तो म्हणाला. "जा बाबा, घरी जा. तुझी तब्येत बरी दिसत नाही."

त्यात थोडी थट्टा होती, थोडी नव्हती. विस्तीन थट्टा तेवढी घेऊन घरी गेला.

शेवटचा सामना मेमधल्या एका रविवारी, आणि समोरासमोर हीच दोन गावं. सांता लेनाला बरोबरी पुरत होती, आम्हाला जिंकावं लागणार होतं. त्याआधी दोन दिवस बँड क्लबात बैठक बसली. पेटी तयार होऊन मागच्या खोलीत उभी होती. यात्रेत पाद्री होणारा नार्दू, ज्याचं एरवी चौकात पास्तिझीचं, म्हणजे चीजच्या खाऱ्या करंज्यांचं, दुकान आहे, तो कुठून जायचं ते सांगत होता. आधी त्यांच्या अध्यक्षाचं दार, मग न्हावी, मग साल्वूची गल्ली.

"साल्वूच्या गल्लीतून या वेळी नको," विस्तीन म्हणाला.

"का? अर्धी मजा तर तिथेच असते."

"तो आजारी आहे."

"ते माहीत आहे. तो नको म्हणाला का?"

"तो कशाला म्हणेल?"

"मग तू विचारलंस?"

"असं कसं विचारू? मरायला टेकलेल्या माणसाला विचारू, तुझ्या दारात शवपेटी आणू का म्हणून?"

नार्दूने मान खाजवली. "दरवर्षी न विचारताच आणतो की आपण."

"नार्दू, त्या घरात माझी बहीण आहे."

बहीण पुढे केली की आमच्याकडे कुठलाही वाद संपतो. मग नार्दूनेच सुचवलं की गल्लीच्या तोंडाशी आलं की बँड थांबवू, टोप्या काढू, आणि ती जागा ओलांडून गेलं की पुन्हा वाजवू. साल्वूचा मान म्हणून. ही कल्पना सगळ्यांना फारच आवडली, एक-दोघांचे डोळेसुद्धा ओलावले. विस्तीनला वाटलं, आपण मित्रासाठी काहीतरी केलं. त्या रात्री तो कितीतरी आठवड्यांनी गाढ झोपला.

सामन्याच्या सकाळी तो साल्वूकडे गेला नाही. पेटीला सांता लेनाचं हिरवं कापड ठोकायचं होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते काम अर्ध्या तासाचं होतं.

मैदानावर बसायला जागा नव्हती. शेवटची काही मिनिटं उरली तरी गोल नव्हता, आणि विस्तीनच्या छातीवरचं ओझं हळूहळू उतरत चाललं होतं. बरोबरी झाली तर आपली पेटी निघणार नाही. लसणाची माळ घेऊन साल्वू येऊ शकणार नाही, पण खुर्चीत बसून मरेपर्यंत टोमणे मारेल. एवढं झालं तर हाल तूत पुढची दहा वर्षं हरली तरी चालेल, असा सौदा तो मनात करत होता. तेवढ्यात डावीकडून चेंडू आला, त्या जाड्या बल्गेरियनने उडी घेतली, आणि जाळी हलली.

विस्तीन ओरडला. ओरडला म्हणजे काय, बाकावर चढून अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला, टोपी भिरकावली, रडला. तेवढी दोन-चार मिनिटं त्याला साल्वू आठवला नाही. पुढे या गोष्टीचा त्याने स्वतःला फार त्रास करून घेतला. मला विचाराल तर त्या दिवशी त्याच्या हातून घडलेली तेवढी एकच गोष्ट बरोबर होती, आणि साल्वूला ती कळली असती तर तो खूष झाला असता.

मेमध्ये संध्याकाळ लांबते. यात्रा निघाली तेव्हा वरच्या मजल्यांवर अजून ऊन होतं. पुढे नार्दू, हातात झाडणीचा कुंचला, तो बादलीत बुडवून लोकांवर बिअर शिंपडत होता. मागे पेटी, तिच्यामागे विस्तीन काळ्या झग्यात. अध्यक्षाच्या दारात तो असा लोळला की अध्यक्षाची बायकोच आधी हसली. न्हाव्याने वरून साबणाचं पाणी ओतलं. रस्ता भरून गेला होता, ट्रकवरची पोरं भोंगे वाजवत होती.

साल्वूच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर नार्दूने हात वर केला. बँड थांबला, भोंगे थांबले. एवढ्या सगळ्या माणसांनी टोप्या काढल्या आणि पाय न वाजवता चालायला सुरुवात केली. दारात उभी असलेली एक म्हातारी हे बघून छातीवर क्रूस काढू लागली, तिला वाटलं असावं की खरंच कुणाची तरी मयत आहे. विस्तीनने ओढणी पुढे ओढली आणि मान खाली घातली. गल्ली सरळ आहे. त्याने नुसतं डावीकडे पाहिलं असतं तर लाकडी गॅलरी दिसली असती. पण आपण बघायचं नाही, बघणं बरं नव्हे, असं त्याला वाटलं. यात्रा पुढे गेली, कोपरा वळली, आणि बँडने पुन्हा धून धरली. त्यानंतर तो जसा रडला तसा कधीच रडला नव्हता असं लोक सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नार्दूकडच्या गरम पास्तिझी घेऊन बहिणीकडे गेला. जीझाने दार उघडलं, पण ती दारातून बाजूला झाली नाही.

"काल आला नाहीत," ती म्हणाली.

"नाही. मीच सांगितलं त्यांना, की तुझ्या घरावरून—"

"कळलं मला. बँड थांबला तेव्हाच कळलं की हे तुझं काम."

"तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास झाला असता," जीझा म्हणाली. "आत जाऊन रडले असते. तो माझा प्रश्न होता ना? तुला कुणी सांगितला होता सोडवायला?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचा गोल झाला, तशी त्याने माझ्याकडून दाढी करून घेतली. कपाटातून कोट काढायला लावला, टाय लावला. नळी नाकातून काढली, ती लावून शिव्या देता येत नाहीत म्हणाला. मी आणि मोठीने धरून गॅलरीत नेलं. बादली उचलवेना, म्हणून दुधाच्या भांड्यात पाणी घेऊन मांडीवर ठेवलं."

विस्तीनच्या हातातल्या पुडक्याचं तेल कागदातून बाहेर यायला लागलं होतं.

"बँड ऐकू आला तसा तो मला म्हणाला, ऐक, भुश्या आलाय, आता बघ काय काय बोलतो ते. किती महिन्यांनी हसला. मग बँड थांबला. म्हणाला, दम खात असतील, जाडा नार्दू आहे ना. आम्ही थांबलो. मग तो वाजला, तर तिकडे, बाजाराकडे." तिने एप्रनची कड नाकाला लावली. "तरी तो बसून राहिला. वळसा घालून मागून येतील म्हणाला. अंधार पडल्यावर मला म्हणाला, खिडकी लाव."

आपण नेमकं काय केलं ते विस्तीनला आत्ता, उंबऱ्यावर उभं राहून, पुरतं कळलं. ज्या दारात पेटी थांबत नाही त्या दाराचा अर्थ त्याला लहानपणापासून माहीत होता, आणि आजारी माणसाला तो लागू होत नाही असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याने साल्वूला जिवंतपणी यादीतून काढलं होतं, आणि वर सगळ्या गावाला टोप्या काढायला लावल्या होत्या.

जीझा बाजूला झाली. साल्वू बिछान्यात उशांना टेकून बसला होता. दाढी केलेला चेहरा अजून गुळगुळीत होता.

"ये विस्तीन," तो म्हणाला. "बस. अभिनंदन. चांगले खेळलात तुम्ही."

"चांगले कसले. तुमचा गोलकीपर झोपला होता." विस्तीनने घाईघाईने जुळवून आणलेला टोमणा पुढे केला. "उशी द्यायला हवी होती त्याला. पांघरूण घालून यायला हवं होतं तू."

"नाही, गोल चांगला होता. रेडिओवर सांगत होते."

"साल्वू, शिवी दे मला."

"कशासाठी? तुम्ही जिंकलात, आम्ही हरलो."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"माहीत आहे ना मला. चांगल्या विचाराने केलंस." साल्वूने श्वास घेतला, त्याला वेळ लागला. "सगळेच माझा चांगला विचार करतात."

विस्तीन खुर्चीतून पुढे सरकला. "आज आणतो. संध्याकाळी. पेटी क्लबातच आहे. नार्दूला सांगतो, बँडवाले एका हाकेवर येतील, सगळे तुझ्याच दारात, दुसरीकडे कुठे नाही. मी असा लोळतो की बघ. तू ओत मग काय ओतायचं ते."

साल्वू त्याच्याकडे बघत राहिला. राग असता तर विस्तीनला बरं वाटलं असतं, पण राग नव्हता. अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसा तो बघत होता, समजुतीने.

"आता आणलीस," तो म्हणाला, "तर मला हसावं लागेल. तुला बरं वाटावं म्हणून. तेवढा दम नाही राहिला रे."

मग त्याने दाराकडे पाहून जीझाला हाक मारली.

"विस्तीनला चहा दे. चांगल्या कपातून दे."

त्या घरात चांगले कप पाद्री आला, डॉक्टर आला किंवा पेन्शनच्या कचेरीतला माणूस आला तरच निघायचे. विस्तीन आजवर तिथे काचेच्या ग्लासातून, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पीत आला होता. जीझाने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि कपाट उघडलं.

कपाचा कान एवढासा होता, त्यात सुताराचं बोट जाईना. विस्तीनने तो दोन्ही हातांत धरला. चहात साखर घातलेली नव्हती, पाहुण्यांना असते तशी ती बशीत वेगळी ठेवली होती.

"बाहेर उकाडा वाढलाय का?" साल्वूने विचारलं.

"हो," विस्तीन म्हणाला. "यंदा लवकरच वाढला."

"दरवर्षी लवकर वाढतोय," साल्वू म्हणाला, आणि दोघं चहा संपेपर्यंत हवेबद्दल बोलत राहिले.